बर्फ न पाहिलेली दरी

कन्नडचा घाट चढून वर आले आणि मागे वळून उत्तरेकडे पाहिले, की खानदेश एका नजरेत समजतो. पायाखाली सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांची तुटलेली कड, तिच्या खाली चाळीसगावचे शिवार आणि त्यापुढे नजर पोचेल तिथवर सपाट काळी जमीन. हीच दरी उलट्या बाजूने पाहायची तर यावल किंवा रावेर गाठावे. तिथे केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता सातपुड्याकडे वळला, की डोंगर हळूहळू चढत येत नाही. सपाटी संपते तिथेच तो उभा राहतो.

शाळेच्या भूगोलात हिमनदीने कोरलेल्या दरीची आकृती असते: रुंद सपाट तळ आणि बाजूंना उभ्या कडा. ती आकृती डोक्यात असलेल्या माणसाला तापीचे खोरे पाहून तिचीच आठवण व्हावी, इतके वरवरचे साम्य आहे. प्रत्यक्षात या दरीत हिमनदी कधी उतरली नाही. तिचा तळ सपाट का, उत्तरेची कड उभी का, नदी स्वतःच्याच काठांमध्ये इतकी खोल का वाहते, याची उत्तरे जमिनीच्या हालचालीत, गाळात आणि बर्फयुगातल्या अपुऱ्या पावसात आहेत. खानदेशातल्या माणसाने पाणी कसे मिळवले, गावे कुठे वसवली, केळी कुठे लावली, हेही बरेचसे त्यावरच ठरले.

आधी बर्फाचे काम कसे चालते ते पाहू. साठलेल्या बर्फाचा थर पुरेसा जाड झाला, की तो स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. त्याच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडत जातात आणि बाजूंच्या कडाही घासल्या जातात. वाहते पाणी मुख्यतः तळ कापते, म्हणून डोंगरातली नदीची दरी ‘व्ही’ अक्षरासारखी अरुंद होते. बर्फ संपूर्ण दरी भरून सरकतो, म्हणून हिमनदीची दरी ‘यू’ अक्षरासारखी उघडते. मनालीच्या वर ब्यासकुंडाकडे किंवा गंगोत्रीहून गोमुखाकडे गेलेल्यांनी अशा दऱ्या पाहिलेल्या असतात.

महाराष्ट्राच्या भूमीवर बर्फ होता, पण तो फार जुन्या काळी. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत हा गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता. त्या काळातल्या बर्फाने घासलेला, ओरखडे उमटलेला खडक चंद्रपूर जिल्ह्यात इरई नदीच्या काठी सापडला, तो एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांच्या नोंदीत आला. त्यावर हिमनदीने आणून टाकलेले लहानमोठे गोटे मिसळलेला थर आहे. ओडिशातल्या तालचेर गावावरून या खडकांना तालचेर गट म्हणतात. विदर्भातल्या कोळशाच्या खाली हे थर येतात. खानदेशात मात्र इतके जुने काही डोळ्यांना दिसत नाही, कारण मधल्या काळात इथे लाव्हा पसरला.

तो काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्वालामुखी म्हटल्यावर शंकूच्या आकाराचा डोंगर डोळ्यांपुढे येतो, पण दख्खनचा लाव्हा बराचसा जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून वर आला आणि सपाटीवर वाहत गेला. एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, असे होता होता बेसॉल्टचे थरांवर थर साठले. अजिंठ्याच्या लेण्यांसमोर उभे राहिल्यावर हे थर मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. तिथे वाघूर नदीने डोंगरात घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण कापले आहे आणि त्या वळणाच्या कड्यात लेणी आहेत. लेणी पाहायला जाणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असते, की समोरची वाघूर खाली खानदेशात उतरते, तापीला मिळते आणि तिच्यावरच्या धरणातून जळगाव शहराला पाणी जाते.

लाव्हा ज्या भेगांमधून वर आला त्यांतल्या कित्येक आज धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पाहता येतात. भेगेतच थिजलेला लाव्हा आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक निघाला. बाजूचा खडक झिजला आणि हा मागे राहिला, जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांब सरळ रांगा होऊन. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. धुळे-साक्री-नंदुरबार परिसरात असे दोनशेहून अधिक डाइक नकाशावर आणले गेले आहेत. सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटर चालतो, आणि काहींची रुंदी साठ मीटरच्या आसपास भरते. बहुतेकांची दिशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे तापी वाहते तीच. लाव्हा येण्याच्या काळात इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती, याचा हा पुरावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने या रांगांचे महत्त्व वेगळे आहे. जमिनीखालून उताराने सरकणारे पाणी अशा दगडी आडोशाला अडते. त्यामुळे एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, हा प्रकार धुळे जिल्ह्यात नवा नाही.

ताणलेली जमीन पुढे खचली. मध्य भारतातून पूर्व-पश्चिम जाणारा एक जुना कमकुवत पट्टा आहे. शोण, नर्मदा आणि तापी या तिन्ही नद्या त्याच्या आधाराने वाहतात. या पट्ट्यात जमिनीचे लांब तुकडे एकमेकांच्या तुलनेत वरखाली सरकले. सातपुडा वर राहिला, त्याच्या दक्षिणेचा पट्टा खाली गेला. जिथे तुकडे सरकले तिथे प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली तुटलेली पातळी. यावल-रावेरमध्ये सातपुडा एकदम उठतो याचे कारण हेच. दख्खनच्या बाकी मोठ्या नद्या, गोदावरी, कृष्णा, भीमा, सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे जातात. तापी मुलताईला, बैतूल जिल्ह्यात सुमारे ७५० मीटर उंचीवर उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. तिची दिशा आधी जमिनीने आखून दिली आणि मग नदी तिथून वाहू लागली.

ही तूट अजून पुरती शांत झालेली नाही. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव इथे सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. आता तिथे देवस्थान आहे आणि लोक स्नानाला जातात. पावसाचे पाणी भेगेतून खूप खोल गेले, तिथल्या उष्णतेने तापले आणि तुटलेल्या खडकातून पुन्हा वर आले, असा त्या झऱ्याचा प्रवास आहे. दुसरी खूण अधिक गंभीर. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही याच लांबलचक पट्ट्यातला. कोयनेमुळे आणि किल्लारीमुळे भूकंपाचा विचार आपण दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाड्यापुरता करतो. सातपुड्याच्या पायथ्याची गावेही त्या विचारात हवीत, असे मला ठामपणे वाटते.

दक्षिणेची कड वेगळ्या रीतीने घडली. सातमाळा-अजिंठ्याचा डोंगर म्हणजे मराठवाड्याच्या पठाराची उत्तरेकडची किनार. खानदेशात उतरणारे ओढे ती किनार मागे मागे कापत नेत आहेत, आणि वाघूरचे वळण हा त्याच कापणीचा एक टप्पा. म्हणून दक्षिणेची कड वेडीवाकडी, दऱ्याखोऱ्यांची आहे आणि उत्तरेची सरळ. नद्यांमध्येही हा फरक उतरला आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा लांबच्या नद्या आहेत. गिरणा तर थेट सह्याद्रीत कळवणच्या बाजूला निघते, मालेगावपर्यंत पूर्वेला जाते आणि मग खानदेशात शिरते. उत्तरेकडच्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई सातपुड्यातून निघतात आणि थोड्याच अंतरात तापीला मिळतात. तापीच उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीजवळ सरकलेली आहे.

खचलेल्या जागेत गाळ भरत गेला. किती? पूर्णा आणि तापी यांच्या खोऱ्यात काही ठिकाणी तीनशे मीटरहून जास्त. या आकड्यावर क्षणभर थांबायला हवे. भुसावळची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २१० मीटर आहे. म्हणजे जिथे गाळ सर्वांत जाड आहे, तिथे खालचा बेसॉल्ट आजच्या समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली पडतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत एवढा खोल खड्डा नदीने कापलेला असू शकत नाही. पाणी समुद्राच्या खाली उतरून कापत नाही. जमीन खचत गेली आणि नदी तो खड्डा भरत गेली. खानदेशाचा सपाट तळ ही या भरावाची वरची पातळी आहे. खालचा खडकाळ तळ कोणी कधी पाहिलेला नाही. तो कूपनलिकांच्या नोंदींतूनच कळतो.

भरावाच्या वरच्या थरांशी बर्फयुगाचा संबंध येतो. गेल्या वीस-पंचवीस लाख वर्षांत पृथ्वी अनेकदा थंड झाली आणि अनेकदा उबदार झाली. शेवटचा कडाक्याचा काळ सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर प्रचंड हिमस्तर होते. इतके पाणी बर्फात अडकले की जगभर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली. खंबातचे आखात उथळ आहे, त्यामुळे त्याचा बहुतेक भाग तेव्हा कोरडी जमीन होता आणि तापी आजच्या मुखाच्या बरीच पुढे जाऊन समुद्राला मिळत असणार. थंड समुद्रावरून येणारा मोसमी पाऊसही कमजोर झाला होता. खानदेशात बर्फ पडला नाही, पण पाऊस घटला.

त्या कोरड्या खानदेशाचा चकित करणारा पुरावा चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे मिळाला. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांना आणि भास्कराचार्यांच्या गणिताची ओढ असलेल्यांना हे गाव माहीत असते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याचा इसवी सन १२०७ चा शिलालेख इथला, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. त्या शिलालेखापेक्षा कितीतरी जुनी वस्ती याच परिसरातल्या नदीच्या गाळाखाली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात अश्मयुगातल्या दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली. काही कवचांचे मणी केलेले होते आणि एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली होती. कार्बन पद्धतीने त्यांचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे ठरले.

शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशात धावणारा पक्षी. गर्द झाडीत आणि मुसळधार पावसात तो राहत नाही. भारतात तो होता याचे पुरावे राजस्थान आणि मध्य प्रदेशातूनही आले आहेत. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या अशा जुन्या कवचातून डीएनए काढला आणि ते आफ्रिकेतल्या शहामृगाशी नाते असलेल्याच पक्ष्याचे असल्याचे दाखवून दिले. पाटण्याच्या त्या तुकड्यावरच्या रेघा कोणी आणि कशासाठी कोरल्या, हे कधीच कळणार नाही. तरी सातमाळ्याच्या पायथ्याशी, पाऊस कमी असलेल्या कठीण काळात, एका माणसाला अंड्याच्या कवचावर सावकाश, नेटकी नक्षी काढावीशी वाटली, हे खानदेशाच्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत हृद्य पान आहे.

पाऊस घटला की नदी काय करते, हे दख्खनच्या नद्यांच्या अभ्यासातून बरेच उलगडले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या आणि विद्यापीठातल्या भूरूपशास्त्रज्ञांनी, त्यांत शरद राजगुरू आणि विश्वास काळे ही नावे अगत्याने घ्यायला हवीत, या नद्यांच्या गाळाचे थर वर्षानुवर्षे वाचले. कोरड्या काळात डोंगरावरची झाडी विरळ होते, माती सुटी होते, आणि ती सगळी समुद्रापर्यंत वाहून नेण्याची ताकद नदीत उरत नाही. गाळ खोऱ्यातच साठतो आणि नदीचे पात्र वर वर चढते. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी जग उबदार झाले आणि मोसमी पाऊस जोराने परतला. पाण्याने भरलेल्या नद्यांनी आपलाच साठवलेला गाळ कापायला सुरुवात केली.

तापीच्या काठावर उभे राहिल्यावर दिसते ती ही कापणी. पाणी कितीतरी खाली असते आणि दोन्ही बाजूंना पिवळसर-तपकिरी मातीच्या दरडी उभ्या असतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर परिसरात काठापासून आतवर घळी पोचल्या आहेत. पावसाळ्यात प्रत्येक घळ थोडी थोडी शेत खात पुढे सरकते. चांगली सुपीक जमीन अशी जाताना पाहणे शेतकऱ्याला फार जड जाते, आणि घळ एकदा खोल गेली की ती भरून काढणे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यात राहत नाही.

उंच दरडींचा फायदाही झाला. पुरापासून सुरक्षित, पाण्याजवळ आणि काळ्या जमिनीला लागून अशी जागा वस्तीला आदर्श ठरते. चार हजार वर्षांपूर्वीपासूनच्या शेतकरी वस्त्या अशाच जागी मिळाल्या. तापीकाठच्या सावळदा गावावरून पुरातत्त्वात ‘सावळदा संस्कृती’ हे नाव रूढ झाले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशाचे उत्खनन १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केले. त्याच दशकात गिरणाकाठच्या बहाळला म. ना. देशपांडे यांनी खणले. रंगवलेली मडकी, तांब्याच्या वस्तू, एकावर एक चढलेले वस्तीचे थर असे तिथून निघाले. पुढच्या काळात थाळनेर अशाच उंच काठावर उभे राहिले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजाने फारुकी घराण्याची सत्ता इथून सुरू केली आणि त्या घराण्याच्या कबरी आजही थाळनेरला आहेत. त्याचा मुलगा नसीर खान याने तापीवरच बुऱ्हाणपूर वसवले. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सातपुड्यात खिंड आहे आणि तिच्यावर असीरगडाचा पहारा. उत्तरेतून दख्खनला येणारी वाट इथूनच असल्याने १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा दख्खनचे दार उघडले. पुढे रेल्वेनेही तीच वाट धरली. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी त्या खिंडीतून जाते, आणि सुरतहून येणारी लाइन सपाट खोऱ्याच्या आधाराने अमळनेरपर्यंत आली तेव्हा तिच्या कंपनीचे नावच टॅप्टी व्हॅली रेल्वे होते.

आता पाण्याकडे येऊ. जुन्या काळात खानदेशात पाटाचे पाणी कुठे होते आणि कुठे नव्हते, हे पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते: एवढी मोठी तापी, पण तिच्या स्वतःच्या पाण्यावर फारसे सिंचन नव्हते. पाणी इतके खाली, की बंधारा घालून ते शेतात नेता येत नसे आणि मोटेने इतक्या उंच चढवणे परवडत नसे. पाटस्थळ बहरले ते पांझरा, मोसम, आराम, गिरणा अशा नद्यांच्या वरच्या अंगाला, जिथे पात्र उथळ आणि तळाला खडक आहे. तिथे फड पद्धत जन्मली. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत ती तीनशेहून अधिक वर्षे चालत आली आहे.

फडाची घडी मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. नदीत दगड-चुन्याचा बुटका बंधारा, त्याच्या एका टोकाकडून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, ते फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, आणि दरवर्षी अदलाबदल. कुटुंबांची जमीन बहुतेक वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने बागायतीचे पीक कुणा एकाच्याच वाट्याला येत नसे. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गाव आधी बसून ठरवी आणि तोटाही सगळ्यांमध्ये विभागला जाई. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. पिकांची राखण जागल्या करी, वर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने निघे. सगळ्यांना पाणी पोचल्यावर उरलेले सांडव्यावाटे नदीत परत जाई आणि खालच्या गावाचा बंधारा भरी. शेजारच्या गावाचा हक्क रचनेतच धरलेला होता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक पांझरेच्या खोऱ्यातले होते: साक्री तालुक्यात दातर्तीजवळ नळाने पाणी नदीपार नेणारा सायफन. पुढे जगभर नावाजलेल्या या अभियंत्याची सुरुवात फडांच्या प्रदेशात झाली, याचा धुळे जिल्ह्याला अभिमान वाटावा. विसाव्या शतकात वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि ज्याच्याकडे विहीर त्याला गावाच्या ठरावाची गरज उरली नाही. बरेच फड मोडले. काही बंधारे अजून पाणी वळवतात. ते टिकवणाऱ्या गावांकडे आपण जलव्यवस्थापनाचे जाणकार म्हणून जायला हवे.

खुद्द तापीचे पाणी वापरात आले ते पंप आणि मोठ्या बांधकामांनंतर. भुसावळजवळचे हतनूर धरण, पूर्णा-तापीच्या संगमाखाली, १९८० च्या दशकात कामाला लागले. त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात किती दरवाजे उघडले ही जळगाव जिल्ह्यातली रोजची बातमी असते. संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे, जवळच मुक्ताबाईचे स्थान, आणि हतनूरचे पाणी त्या परिसरापर्यंत येते. दोन्ही नद्या आपापल्या खोऱ्यातला गाळ घेऊन येतात आणि धरणात थांबतात. दहा हजार वर्षे खाली सरकत असलेल्या गाळाला पुन्हा एकदा अडवणारी जागा मिळाली आहे, आणि साठवण त्यामुळे घटते आहे. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, तेव्हा खोल पात्रातले पाणी उंच काठांवर उपसता येऊ लागले.

तरीही रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातली केळी उभी आहे ती मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर. केळीला बाराही महिने पाणी लागते आणि जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पावसाचे चार महिने सोडून उरलेल्या आठ महिन्यांची तहान भागवते ती गाळाची ती जाड रास. सातपुड्याच्या लगत तिच्यात मोठे गोटे, खडे, वाळू आहे, कारण डोंगरातून वेगाने आलेला ओढा सपाटीवर येताच जड माल आधी टाकतो. पायथ्याच्या या भरड पट्ट्याला बझाडा म्हणतात. नदीकडे जावे तसा माल बारीक होतो, वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकाआड एक येतात. पाणी बझाड्यात मुरते आणि वाळूच्या थरांतून तापीकडे सरकते. कणगी वरच्या तोंडाने भरायची आणि खालच्या तोंडाने काढायची, तशी ही रचना आहे, आणि तिचे वरचे तोंड म्हणजे पायथ्याची ती अरुंद पट्टी.

खालच्या तोंडाने काढणे फार वाढले. विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवी-उभी बोअर घेतली गेली, मग खोल कूपनलिका आल्या, आणि पाण्याची पातळी दर पिढीत खाली गेली. ठिबक सिंचन जळगावात लवकर आणि मोठ्या प्रमाणावर आले. ऊतिसंवर्धित रोपांनी केळीचे पीक कमी काळात येऊ लागले, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एकरी पाणी वाचले, पण बागा वाढल्या. याच भरावाच्या पूर्वेकडच्या भागात, पूर्णेच्या काठी बुलढाणा-अकोला-अमरावतीत, खारपाण पट्टा आहे. तिथे जमिनीत पाणी आहे, पण खारट. जळगावच्या वाट्याला त्याच खचलेल्या पट्ट्यातला गोड पाण्याचा भाग आला, आणि तो भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उपसला जातो आहे.

वरचे तोंड पुन्हा भरण्याची मोठी योजना आता करारापर्यंत आली आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या सीमेवर, खारिया गुटीघाट परिसरात बंधारा घालून पावसाळ्यातले तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यातून न्यायचे आणि बझाड्यात मुरवायचे, अशी कल्पना आहे. सुमारे ३१ टीएमसी पाण्याचा विचार त्यात आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने जागा अचूक निवडली आहे. अवघड भाग पाण्याच्या गुणात आहे. पावसाळ्यातली तापी गढूळ असते, आणि तिच्यातला बारीक गाळ मुरवण्याच्या जागीच बसला तर खड्यांमधल्या पोकळ्या भरून ती जागा काही वर्षांत निकामी होते. म्हणून पाणी आधी निवळू द्यावे लागेल, मुरवणाऱ्या खड्ड्यांचा आणि नाल्यांचा गाळ दरवर्षी काढावा लागेल, आणि ते काम कोणी करायचे हे आधीच ठरवावे लागेल.

मोठा कालवा येईपर्यंतही थांबण्याचे कारण नाही. सुकी, मोर आणि सातपुड्यातून उतरणारे लहानमोठे नाले पायथ्याला येऊन खड्यांमध्ये जिरतात, पावसाळा संपला की खाली त्यांचे पात्र कोरडे दिसते. ते जिरणे हाच रावेर-यावलच्या विहिरींचा जमेचा भाग आहे. पालच्या बाजूच्या जंगलात उतारावर झाडे राहिली, नाल्यांवर जागोजाग लहान बांध राहिले आणि पायथ्याच्या भरड पट्टीतले खडी-वाळूचे थर जागेवर राहिले, तर ऑगस्टमध्ये तिथे मुरलेले पाणी गाळातून सावकाश सरकत पुढच्या उन्हाळ्यांत तापीकडच्या बागांच्या विहिरींना लागते.